सोलापुरात सेकंड हँड व्होल्वो घेताना: आधी चासी नंबर, मग गाडी

सोलापुरात विकायला येणारी व्होल्वो सहसा इथली नसते. पासिंग पुण्याचं किंवा मुंबईचं, कधी सीमेपलीकडचं केए, क्वचित दिल्लीचं. पहिला मालक एखादी कंपनी किंवा उद्योजक, दुसरा तिथलाच कोणी हौशी गृहस्थ, आणि मग ती आपल्याकडच्या कारखानदाराच्या, डॉक्टरांच्या, बिल्डरच्या दारात उभी राहते. एवढे हात बदलले तरी कंपनीच्या दप्तरात बहुतेक वेळा पहिल्याच मालकाचा पत्ता आणि फोन राहतो. त्या मॉडेलचा रिकॉल निघाला, म्हणजे दोष आढळला म्हणून कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या, की निरोप त्या जुन्या पत्त्यावर जातो. होटगी रोडवरच्या तिसऱ्या मालकापर्यंत तो पोहोचतच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्वीडिश गाड्या सुरक्षित असतात हे खरं, पण तुमच्यासमोर उभ्या असलेल्या गाडीत ती सुरक्षितता शिल्लक आहे का, हे चासी नंबर घेऊन विचारल्याशिवाय कळत नाही. रंग, अलॉय, सनरूफ हे सगळं त्यानंतर. खाली जो क्रम दिला आहे तो त्याच हिशोबाने दिला आहे. एस ८०, एस ६०, एस ९० या मोठ्या सेडान मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत, पण बरंचसं एक्ससी ६० आणि एक्ससी ९० यांनाही लागू पडेल.

आधी वंशावळ समजून घ्या

व्होल्वो म्हटलं की आपल्याकडे पुण्या-मुंबईची रात्रीची बस आठवते. पण बस बनवणारी कंपनी आणि कार बनवणारी कंपनी १९९९ पासून वेगळ्या आहेत. त्या वर्षी कारचा धंदा फोर्डने विकत घेतला आणि २०१० मध्ये तो चीनच्या जीली कंपनीकडे गेला. त्यामुळे बसच्या वर्कशॉपमध्ये ओळख आहे, तिथे कारचंही काम होऊन जाईल, या भरवशावर राहू नका. कारचं अधिकृत वर्कशॉप आपल्याला पुण्यात किंवा हैदराबादेत गाठावं लागतं. दोन्ही शहरं ६५ नंबरच्या हायवेवरच आहेत. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या पुढे. गाडी उचलून न्यावी लागली तर टोइंगचा खर्च किती येईल, हे धरूनच भावाची बोलणी करा.

व्होल्वोने भारतात कार विकायला २००७ मध्ये सुरुवात केली, ती एस ८० आणि एक्ससी ९० या दोन गाड्यांनी. ही एस ८० दुसऱ्या पिढीची, जगात २००६ ते २०१६ या काळात बनलेली. फोर्डच्या काळातली असल्याने तिचा पाया फोर्ड मोंडिओशी नातं सांगतो. गाडी दणकट आहे, मागच्या सीटवर ऐसपैस जागा आहे आणि आज ती स्वस्तात मिळते. तिच्या आधीची एस ८०, म्हणजे १९९८ ते २००६ ची, भारतात कंपनीने विकलीच नाही. पडद्यासारखी खाली येणारी साइड एअरबॅग आणि मागून धडक बसल्यावर मान वाचवणारी सीट या दोन्ही गोष्टी व्होल्वोने त्याच गाडीत पहिल्यांदा दिल्या. पण तसली गाडी सोलापुरात कोणी दाखवली तर ती खाजगीरीत्या आयात केलेली असणार. तिच्या एअरबॅगबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय चावी हातात घेऊ नका.

दुसऱ्या पिढीची एस ६० जगात २०१० ला आली, आपल्याकडे २०११ ला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने गाडीचा फक्त एक कोपरा आदळून बघायची नवी, कठीण चाचणी सुरू केली. तेव्हा पहिल्या फेरीत महागड्या गाड्याही नापास झाल्या आणि ‘गुड’ शेरा मिळवणाऱ्या दोनच गाड्यांत ही एस ६० होती. माझ्या मते सोलापूरकराने पहिली व्होल्वो घ्यायची तर हीच घ्यावी. अंगाने फार मोठी नाही, नवी पेठेतल्या गर्दीतूनही निघते, आणि त्या पिढीच्या गाड्यांचं डायग्नोसिस बाहेरच्या जाणकार गॅरेजलाही जमतं. फक्त हिच्या काळात कंपनीने इंजिनं बदलली, त्यामुळे एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीची इंजिनं सापडतात. त्याचा उलगडा पुढे येतो.

एस ९० आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये आली, १९० हॉर्सपॉवरचं डी ४ डिझेल इंजिन घेऊन. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने बंगळुरूजवळ गाड्या जोडायला सुरुवात केली, पहिली एक्ससी ९०. २०२१ पासून डिझेल बंद करून पेट्रोल माइल्ड हायब्रिड आणलं. तिसऱ्या पिढीची एस ६० भारतात २०२१ च्या जानेवारीत आली, फक्त पेट्रोलमध्ये. या पिढीला जगात कुठेच डिझेल इंजिन दिलेलं नाही. तेव्हा नव्या चेहऱ्याची एस ६० कोणी ‘डिझेल आहे’ म्हणून विकत असेल तर बोलणी तिथेच थांबवा.

आणि स्वीडनचीच दुसरी कंपनी, साब? ९००० आणि ९-५ या तिच्या मोठ्या गाड्या युरोपात नावाजलेल्या, पण भारतात अधिकृत विक्री कधी झाली नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. १९९८ ते २००३ च्या सुमाराच्या ९-५ मध्ये इंजिन ऑइलचा गाळ साचून इंजिन जायचं, हे जगभर माहीत आहे. २०१६ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत २००३ ते २०११ च्या ९-३ आणि २०१०-११ च्या ९-५ ताकाता या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅगपायी परत बोलावल्या. म्हणजे कंपनी संपली तरी रिकॉल निघत राहिले, पण ते काम करून देणारं वर्कशॉप आपल्या देशात नाही. शौक म्हणून झाकून ठेवायची असेल तर घ्या. रोज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जायला घेऊ नका.

आर.सी.वरचा सीसी वाचा, डिकीवरचा बिल्ला वाचू नका

डिकीवर ‘डी ४’ लिहिलेलं असतं. पण त्याच बिल्ल्याखाली पाच सिलिंडरचं जुनं इंजिनही येतं आणि चार सिलिंडरचं नवंही. आर.सी.वर क्युबिक कपॅसिटी छापलेली असते, तीच खरी ओळख. डिझेल गाडीत १९८४ सीसी असेल तर पाच सिलिंडरचं दोन लिटर इंजिन. २४०० सीसी असेल तर पाच सिलिंडरचंच मोठं भावंड, ज्याला सहसा डी ५ म्हणतात. १९६९ सीसी असेल तर २०१३ नंतर आलेलं चार सिलिंडरचं. पेट्रोलच्या नव्या गाड्याही १९६९ सीसीच्याच, म्हणून इंधनाचा रकानाही सोबत बघा. ४४१४ सीसी दिसलं तर ते यामाहाने बनवलेलं व्ही ८. आवाज फार सुंदर, पण त्याचा एखादा पार्ट लागला तर महिनोन्‌महिने वाट बघायची तयारी हवी.

ही आकडेमोड एवढ्यासाठी की मोठे रिकॉल इंजिनाच्या जातीवर अवलंबून आहेत. चार सिलिंडर डिझेलचा रिकॉल पाच सिलिंडरच्या गाडीला लागू नाही, आणि उलटही.

पाच सिलिंडरच्या डिझेलबद्दल एक गोष्ट प्रत्येक मेकॅनिकला सांगून ठेवा. बाहेरचा बेल्ट, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा, तुटला की त्याच्या चिंध्या आत, व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात. तसं झालं तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून दोन्ही बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर पुली एकदमच बदलायच्या. टायमिंग बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींत मोजतात, जे आधी येईल ते. ‘रनिंग फक्त साठ हजार, बेल्टला काय होतंय’ हे वाक्य बारा वर्षांच्या गाडीबद्दल ऐकू आलं तर मान डोलवू नका. रबर वयानेही सुकतं, त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो.

चासी नंबर कसा वाचायचा

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून आर.सी.चे दोन्ही बाजूंचे फोटो आणि काचेतून दिसणाऱ्या चासी नंबरचा फोटो मागून घ्या. व्होल्वोत तो समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, डॅशबोर्डवर बारीक पट्टीवर असतो. उन्हात काच चमकते, त्यामुळे फोटो काढताना हाताची सावली धरावी लागते. हा नंबर १७ अक्षरांचा. आर.सी.वरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. आठ आणि बी, पाच आणि एस यांत गल्लत होते. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं चासी नंबरात कधीच नसतात. तसं काही दिसलं तर एक तर लिहिताना चूक झाली आहे किंवा प्रकरण संशयास्पद आहे.

स्वीडनहून आलेल्या व्होल्वोचा नंबर ‘वायव्ही१’ ने सुरू होतो, साबचा ‘वायएस३’ ने. सगळ्याच व्होल्वोंचा तसा असेल असं नाही, कारण चीनमध्ये आणि अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्येही कारखाने आहेत. तेव्हा सुरुवातीची अक्षरं वेगळी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: २००७ ते २००९ साठी ७, ८, ९, मग २०१० ला ए, २०११ ला बी, असं पुढे. २०१५ ला एफ, २०१६ ला जी, २०१७ ला एच. आय वगळतात, म्हणून २०१८ ला जे, मग के, एल, एम. मॉडेल वर्ष आणि आर.सी.वरचा बनावटीचा महिना यांत काही महिन्यांचा फरक असू शकतो. दोन-तीन वर्षांचा फरक निघाला तर त्याचं उत्तर विक्रेत्याने द्यायला हवं.

नंबर देण्याची टाळाटाळ हाच एक निकाल समजा. ‘साहेब, आधी गाडी तर बघा, नंबर कुठं पळून चाललाय’ असं म्हणणाऱ्याकडे बहुधा सांगण्यासारखा इतिहास नसतो.

रिकॉल: काय निघाले आणि कुणाला लागू

सगळ्यात मोठा रिकॉल जुलै २०२० चा. जगभरातल्या २० लाखांहून जास्त गाड्या, २००६ ते २०१९ या काळात बनलेल्या. त्यात एस ८०, एस ६०, व्ही ६०, एक्ससी ६०, व्ही ७०, एक्ससी ७० ही सगळी कुळं आली. दोष पुढच्या सीट बेल्टचा. बेल्टला जोडलेली एक पोलादी केबल असते, ती वर्षानुवर्षांच्या वापराने थकते आणि अपघाताच्या क्षणी बेल्ट माणसाला हवा तसा धरून ठेवत नाही. १९५९ मध्ये निल्स बोहलिन यांनी तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट जगाला दिला, तो याच कंपनीत. त्याच कंपनीच्या बेल्टमध्ये हा दोष निघावा याचं वाईट वाटतं, पण कंपनीने तो स्वतःहून जाहीर केला, हेही लक्षात ठेवायला हवं. तुमच्या गाडीचा नंबर त्या यादीत आहे का, आणि असेल तर काम झालं आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसरा जुलै २०१९ चा, सुमारे ५ लाख गाड्यांचा. १९६९ सीसीचं चार सिलिंडर डिझेल, मॉडेल वर्षं २०१४ ते २०१९. इंजिनात हवा नेणारा प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड तापून वितळतो, वाकडा होतो, आणि अगदी क्वचित बॉनेटखाली आग लागू शकते. एस ६०, एस ८०, एस ९०, व्ही ४०, एक्ससी ६०, एक्ससी ९० सगळ्या यात होत्या. गाडी चालवताना ताकद कमी वाटली किंवा जळका, वेगळाच वास आला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा. बाहेर ४३ अंश असताना मोहोळपर्यंत दामटून नेऊन बघू, असं करू नका.

त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक निघाला होता, २०१५-१६ मध्ये बनलेल्या दोन लाखांहून जास्त गाड्यांसाठी. बॉनेटखालच्या इंधनाच्या नळीला बारीक चीर जाऊन गळती होण्याचा. आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये, २०१६ च्या मॉडेलच्या पाच सिलिंडर डिझेल ऑटोमॅटिक गाड्यांसाठी, ज्यांत सॉफ्टवेअरच्या दोषाने चालती गाडी क्षणभर बंद पडू शकत होती. त्या ५९ हजार गाड्या होत्या.

मार्च २०२० चा रिकॉल नव्या गाड्यांचा आहे. जानेवारी २०१९ नंतर बनलेल्या ७ लाखांवर गाड्यांत समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कधीकधी जागी होतच नव्हती. उपाय फक्त सॉफ्टवेअर बदलण्याचा, पण तो करून घेतलेला हवा. २०१९ ची एस ९० किंवा एक्ससी ६० घेत असाल तर हे विचाराच. सोलापूर-पुणे रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली मागे लाल दिवा नसताना चाललेली असते, तिथे ही यंत्रणा जीव वाचवते. ती आहे असं मानून चालायचं आणि ती झोपलेली असायची, हे नसण्यापेक्षा वाईट.

आता त्या जुन्या आयात गाड्यांचं. २००१ ते २००६ ची एस ८० आणि २००१ ते २००९ ची एस ६० यांच्या स्टीअरिंगमधल्या एअरबॅगचा स्फोटक भाग उष्णता आणि दमटपणाने खराब होतो, आणि बॅग फुटताना धातूचे तुकडे उडू शकतात. अमेरिकेत यात एक मृत्यू झाला. २०२० मध्ये सुरू झालेला हा रिकॉल २०२१ मध्ये जगभरातल्या साडेचार लाखांहून अधिक गाड्यांपर्यंत वाढला. मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत काढलेली आणि पुढे सोलापूरच्या उन्हात तापलेली गाडी अशा दोषाला अगदी अनुकूल. काम झाल्याचा कागद नसेल तर अशी गाडी फुकट मिळाली तरी तिच्या स्टीअरिंगमागे बसू नये, असं मी मनापासून सांगतो.

चौकशी कशी करायची

१७ अक्षरी नंबर, आर.सी.चा फोटो आणि तीन प्रश्न, एवढं घेऊन पुण्याच्या किंवा हैदराबादच्या अधिकृत वर्कशॉपला ई-मेल करा. फोनवर बोला, पण उत्तर लेखी मागा. प्रश्न असे: या नंबरावर कोणते रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन लागू आहेत? त्यांपैकी कोणती कामं कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला झाली? तुमच्या नोंदीत शेवटचं सर्व्हिसिंग कधी आणि किती रीडिंगला आहे? तिसऱ्या प्रश्नाने मीटर फिरवलेला असला तर तोही उघडा पडतो. काही वर्कशॉप मालकाच्या संमतीशिवाय सर्व्हिसचा तपशील देत नाहीत. अशा वेळी विक्रेत्यालाच ई-मेल करायला लावा आणि तुम्हाला कॉपीत ठेवायला सांगा. खरा विकणारा हे पाच मिनिटांत करतो.

अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळावर चासी नंबर टाकून बघायची सोय आहे, पण ती तिथल्या गाड्यांसाठी. तिथे ‘रिकॉल नाही’ असं आलं म्हणून भारतातली गाडी निर्दोष ठरत नाही. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने २०१२ पासून ऐच्छिक रिकॉलची पद्धत पाळली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११० अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकारला रिकॉलची सक्ती करता येते. पण ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती. आपण बघतो त्या बहुतेक एस ८०, एस ६० त्याबाहेर पडतात, त्यामुळे कंपनीच्या नोंदीच कामाला येतात. दिलासा एवढा की वॉरंटी संपली म्हणजे रिकॉल संपला असं नसतं, आणि लागू असलेल्या रिकॉलचं काम कंपनीच्या खर्चाने होतं, गाडी कितव्या मालकाकडे असली तरी.

काम बाकी निघालं तर गाडी वाईट ठरत नाही. इसार देण्याआधी विक्रेत्याने ते करून आणावं, किंवा पुण्याला नेऊन आणायचा खर्च भावातून कमी करावा. मी पहिला पर्याय धरीन.

गाडीजवळ गेल्यावर

सकाळी जा, इंजिन गार असताना. विक्रेत्याने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या.

सुरुवात सीट बेल्टपासून करा. पुढचा बेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, शेवटचा फूटभर भाग सहसा कोणी बघत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचं शाम्पूने धुतलेलं इंटिरिअर चकाचक दिसतं, पण बेल्टच्या या शेवटच्या भागावर पिवळट चिखलाची रेघ राहते, आणि बोटांना तो भाग कडक, खरखरीत लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात भीमेच्या काठाने किती पाणी आलं होतं ते आठवा. बेल्टवर शिवलेल्या लेबलवर बनावटीची तारीख असते, सगळ्या बेल्टांची ती गाडीच्या वर्षाशी जुळली पाहिजे. एकच बेल्ट नवा असेल तर दोन शक्यता: अपघातात बेल्ट आवळला गेला म्हणून बदलला, किंवा दुरुस्तीत बदलला. दोन्हींचं बिल असायला हवं.

इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो दडपलेला असू शकतो, आणि ते दिवा पेटत राहण्यापेक्षा धोक्याचं.

आता सीट कव्हर. आपल्याकडे गाडी आली की पहिल्या आठवड्यात जाड रेक्झिनची कव्हरं चढवतात. व्होल्वोच्या पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या बाजूला, साइड एअरबॅग शिवलेली असते. घट्ट कव्हराने तिची वाट अडते. कव्हर काढून सीटची मूळ शिवण बघा, आणि घेतल्यावर पुन्हा चढवू नका. त्यासोबत पुढची काच. कॅमेरा किंवा लेझर या गाड्यांत आरशामागे काचेला लागून असतो. काच बाहेरून बदलली आणि कॅलिब्रेशन केलं नाही तर आपोआप ब्रेकची यंत्रणा बिघडते. काचेवरच्या छापील खुणा इतर काचांशी जुळतात का ते बघा.

बाकी डेंटिंग-पेंटिंग, टायर, ऑइल गळती हे कोणताही चांगला मेकॅनिक बघेल. स्कॅनिंगचं मात्र तसं नाही. व्होल्वोची स्वतःची विडा नावाची यंत्रणा आहे. एस ८० आणि दुसऱ्या पिढीच्या एस ६० साठी ती बाहेरच्या काही गॅरेजकडे असते. एस ९० आणि २०१५ नंतरच्या एक्ससी ९० साठी कंपनीशी ऑनलाइन जोडलेली विडा लागते. सगळ्या गाड्यांना चालणाऱ्या साध्या स्कॅनरने इंजिनाचे कोड दिसतील, एअरबॅगचे सगळे दिसतीलच असं नाही. म्हणून एस ९० असेल तर तपासणी पुण्याच्या वर्कशॉपमध्येच करून घ्या. पैसे जातात, पण योग्य जागी जातात.

चालवून बघताना

गल्लीत एक फेरी मारून काही कळत नाही. तुळजापूरला जाऊन या: महामार्गावर वेग मिळतो, घाटात चढ आणि उतार मिळतो, आणि जाऊन-येऊन साधारण ९० किलोमीटरमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, एसी सगळे तापतात. जाताना दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला धक्का बसतो का, घाटात उतरताना गिअर अडखळतो का, हे बघा. हे गिअरबॉक्स सहसा जपानच्या आयसिनचे, टिकाऊ. ‘ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं विक्रेता सांगेल. आपल्या उन्हात साठ ते ऐंशी हजार किलोमीटरला ते बदललेलं मला जास्त पटतं.

डिझेल गाडी शहरातच फिरवली तर एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर तुंबतो. तुमचं रोजचं चालणं सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढंच असेल तर पेट्रोल घ्या. आठवड्यातून एकदा पुणे होत असेल तर डिझेल सुखाने चालेल. दुपारी परतल्यावर इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं एसी लावून थांबा, तापमानाचा काटा हलतो का बघा, मग बॉनेटखाली वाकून वास घ्या. डिझेलचा वास इंधन नळीकडे बोट दाखवतो, जळक्या प्लास्टिकचा मॅनिफोल्डकडे.

कागद

परिवहनच्या अ‍ॅपवर आर.सी.ची स्थिती, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी बघून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८. केए पासिंगची गाडी वर्षाहून जास्त इथे ठेवायची तर एमएच १३ ला नोंदवून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि महागड्या गाडीवर तो चांगलाच बसतो. दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ पासून निर्बंधांची तलवार आहे. कर, वाहतूक आणि एनओसीचे हेलपाटे धरले की ती स्वस्ताई बरीच आटते.

मागच्या विमा पॉलिसीची प्रत मागा. नो क्लेम बोनस ५० टक्के असेल तर त्या मालकाने सलग पाच वर्षं क्लेम केलेला नाही. शून्य असेल तर का, ते विचारा. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तुम्हाला तो मिळणार नाही. पण गाडीचा मागचा काळ त्यातून दिसतो.

सौदा कागदावर लिहिताना एक ओळ घाला: लागू असलेल्या सर्व रिकॉलची कामं पूर्ण झाल्याचं वर्कशॉपचं पत्र मिळाल्यावरच उरलेली रक्कम दिली जाईल.

नावावर झाल्यानंतर

इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बदला. बेल्टची तारीख कागदावर सापडत नसेल तर बदललेला नाही असंच धरा. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत मुख्य बॅटरीशिवाय एक छोटी मदतनीस बॅटरी असते. ती मेली की भलतेच संदेश पडद्यावर येतात आणि लोक उगाच वायरिंग उकलत बसतात, तेव्हा दोन्ही तपासून घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा असतो, तो राहू देऊ नका.

आणि नवी आर.सी. हातात आली की तिचा फोटो, तुमचा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर अधिकृत वर्कशॉपला पाठवून त्यांच्या नोंदीत मालकाचं नाव बदलून घ्या. बदल झाल्याचा ई-मेल आर.सी.च्याच फाइलमध्ये लावून ठेवा, म्हणजे पुढचा रिकॉल निघाला तर निरोप थेट तुमच्याकडे येईल.